अडुळशाचं कुंपण

पोट्टी निळी पडली. आधी ओठ, मग नखं. खोकता खोकता तिचा आवाजच बंद झाला, तोंड उघडं राहिलं आणि वारा आत जाईना की बाहेर येईना. तिची आई, म्हणजे माझी थोरली जाऊ, तिला छातीशी धरून नुसती हलवत होती. सासूबाई हिंगाची डबी शोधत होत्या आणि डबी त्यांच्या हातातच होती. सासरे ओसरीवरून ओरडत होते, "गाडी जुपा रे कोनी! बाळापुराहून वैदाले आना!"

कोण जुंपणार? आमची गाडी कापूस घेऊन अमरावतीला गेली होती, तिच्याबरोबर माझा नवरा आणि थोरले दीर. शेजाऱ्याची गाडी गेली होती, पाटलाची गेली होती, कुंभारानं सुद्धा मडकी उतरवून गाडीत कापूस भरला होता. गावात बैल म्हणून एक लंगडा तेवढा उरला होता.

मी जावेच्या हातातून पोर ओढली, दोन्ही पाय धरून उलटी टांगली आणि पाठीवर थापा मारल्या. हळू नाही मारल्या.

"मारलं व माय! इनं मारलं माह्या लेकराले!" जाऊ माझ्या पाठीत बुक्क्या घालू लागली. ती मला मारते आहे, मी पोरीला मारते आहे, असं ते चाललं. मग पोरीच्या तोंडातून चिकट दोरीसारखा कफ लोंबला. मी बोट घालून तो ओढून काढला. बोटाला त्याचा वेढा बसला. त्यात पांढरे तंतू होते. कापसाची रुई होती ती.

पोट्टी रडली. इतकं कर्कश रडणं मी पुन्हा ऐकलं नाही, आणि इतकं गोडही नाही.

मला काय भीती होती ते सांगते. घरात तेवढं एकच लेकरू होतं, दीड वर्षाचं. जावेची आधीची दोन गेली होती. माझं लग्न होऊन चार पावसाळे झाले होते आणि माझी कूस उजवली नव्हती. पोर माझ्या हातात उलटी असताना गेली असती तर गावानं एकच वाक्य बोललं असतं, की वांझोटीनं जावेचं लेकरू खाल्लं. मग मला विहीर दाखवायला कोणाला काही बोलावंही लागलं नसतं. पण पोर निळी पडलेली दिसत होती, आणि उभं राहून बघणं मला जमलं नाही.

आता तिच्या घशात रुई कशी गेली ते सांगते.

तेव्हा कापसाला सोन्याचे दिवस आले होते. समुद्रापलीकडे कोणत्या तरी मुलखात लढाई जुंपली होती आणि तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसावर सगळे तुटून पडले होते. आमच्या गावाला त्या मुलखाचं नाव धड घेता येत नव्हतं, पण तिथली लढाई चालू राहावी म्हणून मारुतीपुढं नारळ फुटत होते. बैलांच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या जाऊन चांदीच्या आल्या. आम्ही जातीचे माळी. वांगी, मिरची, गेंदा, शेवंती हे आमचं पोट. पण त्या साली सासऱ्यांनी वांगी उपटली, गेंदा उपटला आणि घराच्या भिंतीपर्यंत सरकी टोकली. आमच्या घरात भाजीला वांगं विकत आणलं त्या साली. माळ्याच्या घरात!

पहिल्या वेचणीला आम्ही बायकांनी शेतात पूजा मांडून, दहीभात शिंपडून सीतादही केलं. तिथवर सगळं रीतीप्रमाणे. मग माजघरात रेचे मांडले. रेचा म्हणजे सरकी काढायचं लाकडी यंत्र, लाटण्यासारख्या दोन लाटा आणि फिरवायची एक मूठ. एकीकडून सरकी पडते, दुसरीकडून रुई. पहिला ढीग गुडघ्याएवढा झाला तेव्हा सासऱ्यांनी पोट्टीला त्यावर बसवलं. "लक्ष्मीच्या गादीवर लक्ष्मी," म्हणाले. घराघरात असंच करत. पण ते कौतुक घडीभराचं असायचं. आमच्या पोट्टीला ती गादी आवडली. रडायची ती गप झाली, झोपूही लागली. जावेचे हात मोकळे झाले, ती रेचा फिरवायला बसली. मग रोजच ते लेकरू रुईच्या ढिगावर. वाऱ्यानं रुई उडू नये आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ढीग दिसू नये म्हणून दार बंद, झरोक्यात चिंध्या कोंबलेल्या. आत धुकं पडल्यासारखं दिसायचं. आम्ही सगळ्याच खोकत होतो, पण आम्ही मोठ्या होतो.

आणि अडुळसा.

आमच्यात मुलगी सासरी निघते तेव्हा आई तिच्या ओटीत आपल्या वाडीतलं एखादं रोप घालते. कोणाला मोगरा मिळतो, कोणाला शेवंतीची मुळी. माझं माहेर अमरावतीच्या बाजूचं, आईच्या वाडीत फुलांना तोटा नव्हता. तिनं मला ओल्या फडक्यात बांधून अडुळशाच्या काटक्या दिल्या. मी तोंड फुगवलं तर म्हणाली, "फूल कोनीबी देईन. खोकला आला म्हनजे मोगरा चावून पाह्यजो."

सासरी माझं त्यावरून चांगलंच हसं झालं. जाऊ पाणवठ्यावर सांगायची, "लोकाइच्या सुना माहेराहून मोगरा आनतात, आमच्या धाकटीनं काढा आनला." मी काटक्या परसात भिंतीकडेला लावल्या. अडुळसा लाड मागत नाही. वर्षा-दोन वर्षांत माणसाएवढा झाला. थंडीत त्याला पांढरी फुलं यायची, जबडा उघडल्यासारखी, आणि आळीतली पोरं फूल खुडून देठाकडून मध चोखायची. फुलापुरती त्याची किंमत पोरांना होती. पानाची कोणाला नव्हती.

ज्या साली भिंतीपर्यंत सरकी टोकली, त्याच साली जेठात सासऱ्यांनी कुदळ घेतली आणि अडुळसा मुळापासून काढला. तेव्हा सून सासऱ्याशी बोलत नसे, सासरा सुनेशी बोलत नसे. जे बोलायचं ते सासूबाईंमार्फत बोलायचं, म्हणून ते त्यांना म्हणाले, "हा कडू पाला कोनाच्या तेराव्यासाठी ठेवला होता व?"

मी पदर पुढं ओढून उभी होते. फांद्या जाळायला म्हणून बाजूला पडल्या होत्या, त्यातल्या जाड जाड निवडल्या, विळ्यानं वीतभर, हातभर तोडल्या आणि न्हाणीचं पाणी जिथून बाहेर वाहत जातं त्या चिखलात रांगेनं रोवल्या. एकीला एक लागून.

"हे काय करून राहिली तुमची सून?" सासऱ्यांनी विचारलं.

सासूबाईंना ठाऊक नव्हतं. पण त्या हुशार बाई. म्हणाल्या, "कुंपन करून राहिली. शेळ्या येतात म्हने कापसात."

"बरं हाय," सासरे म्हणाले. आणि गेले.

यात खोटं काही नव्हतं. शेळी जगातलं सगळं खाते, अडुळसा खात नाही. पाऊस लागला, न्हाणीचं पाणी रोज मिळालं, काटक्यांना डोळे फुटले. त्या पावसाळ्यात शेजारच्यांच्या शेळ्या आळीतल्या सगळ्या परसांत शिरल्या, आमच्या नाही शिरल्या. सासरे पारावर बसून सांगायचे, "माहं कुंपन पाहून घ्या. एक पान गेलं नाई कापसाचं." आपण उपटलेला अडुळसाच तिथं उभा आहे हे त्यांना कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. कळलं असेल. पण त्यानं कापूस राखला, म्हणून त्याला जीवदान.

तर त्या दिवशी, पोट्टी रडू लागल्यावर, मी तिला जावेच्या मांडीवर दिली आणि म्हणाले, "बाई, हिले बाहेर ओसरीत घेऊन बसा. आत नेऊ नका." आणि परसात पळाले. कुंपण फुलावर होतं. मी पिकत आलेली जुनी पानं तोडली, ओच्यात भरली.

अडुळशाचं पान नुसतं वाटलं तर रस सुटत नाही, हट्टी असतं. आईची रीत अशी होती, की पानं धुवायची, त्यांची जुडी करून एरंडाच्या पानात गुंडाळायची, वरून ओल्या मातीचा लेप द्यायचा आणि चुलीच्या आरात पुरायची. माती लाल झाली की काढायची, फोडायची, आणि आतला गोळा गरम आहे तोवर फडक्यातून पिळायचा. हात पोळतात. पोळू द्यायचे.

रस निघाला तो वाटीच्या तळाला. त्यात मध घातला. वाटी घेऊन ओसरीत आले तर जाऊ पोरीला पाठीशी घालून बसली.

"नाई देत मी. तुह्या काढ्यानं मेली म्हनजे?"

"अन् न देता मेली म्हनजे?" मी म्हणाले.

बोलायला नको होतं तसं, असं सासूबाई पुढं कितीदा म्हणाल्या. मला अजून वाटतं, बरोबर बोलले. मी बोट बुडवून आधी स्वतः चाटलं, तोंड वाकडं झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मग जावेनं चाटलं. मग तिनंच पोरीच्या ओठाला लावलं. पोट्टीनं थुंकलं, पुन्हा लावलं, पुन्हा थुंकलं, आणि थोडं गेलं. दिवस मावळेपर्यंत असं थोडं थोडं करून वाटी संपली. पोरीला झोप लागली. छातीत घरघर होतीच, पण श्वास चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी रेचे चालू करायला सांगितले. गाडी अमरावतीहून परत आली की पुढची खेप तयार पाहिजे होती. माजघराचं दार बंद झालं, घुर्र घुर्र सुरू झालं, आणि रुईचं धुकं दाराच्या फटीतून ओसरीपर्यंत आलं. पोट्टी खोकायला लागली. तोंड लाल, मग जांभळं.

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, रेचे थांबवा."

सासूबाईंनी सासऱ्यांना सांगितलं. सासरे म्हणाले, "तिले सांग, खोकला सगळ्याइलेच येते. लढाई काय जलमभर चालते? आज हाय तं हाय."

तेही खरंच होतं. पण पोर माझ्यासमोर जांभळी होत होती. मी माजघरात गेले. रेचा फिरवणाऱ्या मजूरबाईला म्हटलं, उठ. पाचर ठोकून काढली, मूठ उपसली आणि लुगड्याच्या निऱ्यांत खोचली. दुसऱ्या रेच्यावर जाऊ बसली होती. मी तिच्यापुढं उभी राहिले. तिला बाहेरून पोरीचा खोकला ऐकू येत होता. तिनं माझ्याकडं पाहिलं, स्वतःच पाचर काढली आणि मूठ माझ्या हातात दिली. तीही मी खोचली. दोन्ही बाजूंनी मी अशी फुगले की चालताना पाय फाकत होते.

घुर्र घुर्र थांबलं. सासरे दाराशी आले. "काहून थांबलं?"

मजूरबाईच म्हणाली, "मुठी नाई."

"कोठी गेल्या?"

तिनं माझ्याकडं बोट केलं.

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच मान फिरवली. सासरा सुनेच्या निऱ्यांकडं बघणार कसा? मागणार तरी कसा? ते भिंतीला म्हणाले, "घरात चोर झाले." मग सासूबाईंना म्हणाले, "तिले सांग, मुठी दे म्हना."

सासूबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता झिंज्या ओढतात. त्यांनी माझा अवतार वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि त्यांना हसू फुटलं. पदरात तोंड खुपसून हसल्या. मग वळून म्हणाल्या, "अवो, तिच्यापाशी मुठी नाईत."

"मंग हे काय हाय?"

"पोटुशी हाय ती," सासूबाई म्हणाल्या.

जाऊ हसली. ज्या बाईचं लेकरू बाहेर धापा टाकत होतं, ती भिंतीला टेकून हसली. सासरे तोंडातल्या तोंडात काही बोलत पारावर निघून गेले. मी दार उघडलं, झरोक्यातल्या चिंध्या ओढून काढल्या, आणि आम्ही तिघींनी मिळून तो रुईचा ढीग गोण्यांत भरला, वरून पाणी शिंपडून माजघर झाडून काढलं. शेणानं सारवलं. पोरीला परसात, अडुळशाच्या कुंपणाशी, उन्हात गोधडीवर टाकलं.

मुठी मी न्हाणीच्या मागं राखेच्या ढिगात पुरल्या. रात्री निऱ्यांत घेऊन झोपता येत नव्हतं.

पुढं रोज तेच. सकाळी पानं, माती, आर, पिळणं. माझ्या तळहाताची कातडी निघाली. रसाला आल्याचा थेंब, मध. पोट्टी थुंकत होती, आम्ही पाजत होतो. हळूहळू घरघर कमी झाली. खोकला सुटला, कफ पडू लागला, आणि एक दिवस तिनं गोधडीवरून उठून कुंपणाचं फूल खुडलं आणि आळीतल्या पोरांसारखं देठाकडून चोखलं. जाऊ तिथं धुणं पिळत होती. तिनं धुणं टाकलं आणि मला मिठी मारली, ओल्या हातांनी. मी म्हटलं, "लुगडं भिजलं न बाई."

दोघे भाऊ गाडी घेऊन परत आले तेव्हा घरात रुई कमी आणि पोर हसती. त्यांनी गाडी तशीच बाळापूरला नेऊन वैद आणले. वैदांनी नाडी पाहिली, कुंपण पाहिलं, म्हणाले, चालू ठेवा, धूळ टाळा, आणि गाडीतून परत गेले. उरलेला कापूस आम्ही सरकीसकट दिला. सासऱ्यांनी त्यावर बराच काळ माझ्या नावानं भिंतीशी बोलून घेतलं.

पान वाचवतं की मोकळी हवा वाचवते, हे मला लोक अजून विचारतात. मला ठाऊक नाही. दोन्ही मीच केलं, तेव्हा मला फरक पडत नाही.

आळीत घरोघर रेचे होते, म्हणजे घरोघर खोकला होता. बातमी पसरली. आधी शेजारीण आली, मग कुंभारीण, मग पाटलीणबाईंनी मोलकरीण पाठवली. काढा आणणारी म्हणून जिला हसत होत्या, तिच्या दारी ओचा पसरून उभ्या. मी थोडी वाट पाहायला लावली. का नाही लावायची? कुंपण बोडकं व्हायला लागलं तेव्हा मी सांगून टाकलं, "पाला मागू नका. काटकी न्या, न्हाणीपाशी लावा." एकीला मात्र नाही दिलं, ती पोटुशी होती. पोटुशीला हा पाला देत नाहीत, आईनं बजावलं होतं. ती रागावून गेली आणि वेळेवर बाळंत झाली.

पुढच्या थंडीत रेचे पुन्हा मांडले, पण ओसरीत, उघड्यावर. राखेतल्या मुठी मी स्वतः धुऊन बसवल्या. त्याच थंडीत एका सकाळी सासरे स्वयंपाकघराच्या दाराबाहेर येऊन खाकरले. मी भाकरी थापत होते. खाकरणं थांबेना. मग ते दाराच्या चौकटीला म्हणाले, "या घरात कोनाले खोकल्याचं काही देता येते काय?"

सासूबाई नदीवर गेल्या होत्या. मधे बोलायला कोणी नव्हतं. मी तव्याला म्हटलं, "देता येते. पन तो कडू पाला हाय. तेराव्यासाठी ठेवला होता."

बाहेर पुन्हा एकदा खाकरणं झालं. मग चौकटीकडून उत्तर आलं, "दे मंग. तेरावं लांबू दे."

मी वाटी भरून उंबऱ्यावर ठेवली आणि आत वळले. वाटी चाटून-पुसून परत आली.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं, लढाई जन्मभर चालली नाही. ती संपली आणि कापूस उतरला. चांदीच्या शेंब्या उतरून पुन्हा पितळी आल्या. सासऱ्यांनी भिंतीकडेची कपाशी काढून वांगी लावली. कुदळ घेऊन कुंपणापर्यंत आले, तिथं थांबले, आणि अडुळशाच्या बुंध्याशी आळं करून दिलं.

सासरे म्हातारे होऊन गेले. सासूबाई पटकीत गेल्या. जाऊ पुढच्या बाळंतपणात गेली, लेकरू आणि ती दोन्ही. माझा नवरा आणि दीर आता नाहीत. पोट्टी जगली. मीच तिला वाढवली, तिचं लग्न बाळापुरात करून दिलं आणि ओटीत अडुळशाच्या काटक्या घातल्या. तिला नातवंडं आहेत. आम्ही दोघी आहोत.